नोकरी सोडून पूर्णवेळ कथाकथन: तयारी किती, कोणत्या क्रमाने?

मध्यान्ह

वय ४६. नोकरी कार्यालयीन, चार लोकांसमोर बोलायची सवय आहे, रंगमंचाची नाही. येत्या दोन-अडीच वर्षांत गोष्टी सांगणं हाच पूर्णवेळ व्यवसाय करायचं जवळजवळ ठरलं आहे. लहान मुलांसाठी आणि मोठ्यांसाठीही. अभिवाचन किंवा एकपात्री नाटक मला म्हणायचं नाही. हातात कागद न घेता, समोरच्याच्या डोळ्यांत बघून सांगायची गोष्ट.

'मनाचा कौल घ्या' छापाचे सल्ले भरपूर वाचून झाले. इथे चर्चामंचावर या कामातली जाणती मंडळी आहेत म्हणून नेमकं विचारायचं आहे. गोष्ट पाठ करायची का? नसेल तर ती तयार कशी करतात? किती गोष्टी तयार असल्या म्हणजे माणसाने मानधन मागावं? या वयात आवाज रोज तास-दीड तास साथ देईल का? आणि नोकरी कधी सोडायची याला काही हिशेब असतो का, की डोळे मिटून उडीच मारायची?

---

ओवी

पहिल्या दोन प्रश्नांवर लिहिते, बाकीचं इतर लिहितीलच.

शब्दशः पाठ करू नका. पाठ केलेला मजकूर साखळीसारखा असतो. एक कडी निसटली की पुढची हाती लागत नाही, आणि आठवायला लागल्याचा भाव चेहऱ्यावर उमटतो तो शेवटच्या रांगेलाही दिसतो. मिल्मन पॅरी आणि आल्बर्ट लॉर्ड या अमेरिकी अभ्यासकांनी १९३०च्या दशकात युगोस्लाव्हियातल्या लोकगायकांची दीर्घकाव्यं ध्वनिमुद्रित केली. हजारो ओळी गाणारे हे गायक 'शब्दन्‌शब्द तोच गातो' म्हणायचे, पण एकाच गाण्याची दोन ध्वनिमुद्रणं शेजारी ठेवली की शब्द बदललेले असत. सांगाडा, प्रसंगांचा क्रम आणि काही ठरलेले शब्दबंध तेवढे कायम. गोष्ट सांगणाऱ्याची स्मरणशक्ती अशी चालते, आणि चाळिशीनंतर तर हीच वाट जास्त भरवशाची.

आता कृती. गोष्ट तीनदा वाचा, पुस्तक मिटा, एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी पुस्तक न उघडता गोष्टीची हाडं लिहून काढा, ७ ते १० ओळी, त्याहून जास्त नाहीत. प्रत्येक ओळीत क्रियापद हवं: 'म्हातारी दार उघडते', 'पाहुणा नाव सांगत नाही', 'मुलगी किल्ली विहिरीत टाकते'. 'राजा दुःखी होता' हे हाड नव्हे, तिथे काही घडत नाही. मग मूळ गोष्टीशी ताडून बघा. बहुतेक वेळा एक-दोन गोष्टी सुटलेल्या असतात. त्यांच्यावाचून शेवट उभा राहत असेल तर त्या गेल्या तरी चालतील. पण शेवट ज्याच्यावर टेकलेला असतो ती खूण, तो इशारा किंवा ती वस्तू सुरुवातीला नुसती ओझरती आलेली असते आणि नेमकी तीच सुटते. तिला ठळक जागा द्या.

त्यानंतर चित्रं. हाडागणिक एक जागा डोळ्यांसमोर आणायची: उजेड कुठून येतो, पायाखाली काय आहे, दार कुठल्या हाताला, वास कसला. यातलं श्रोत्यांना दहातलं एखादंच सांगायचं असतं, पण तुम्हाला दहाही दिसत असतील तर ते एक खरं वाटतं.

मग उभं राहून मोठ्याने सांगा, भिंतीला का होईना. मनातल्या मनात केलेला सराव धरू नका, कारण श्वास कुठे संपतो हे मनात कळत नाही. पहिल्या वेळी वीस मिनिटांची गोष्ट सहा मिनिटांत आटपेल. पाचव्या-सहाव्या वेळी ती उगाच फुगेल, कारण सगळी चित्रं सांगायचा मोह होतो. दहाव्याच्या आसपास ती आपल्या अंगावर बसते. चौथ्या आणि आठव्या वेळचं ध्वनिमुद्रण करा. ऐकताना आवाज कसा वाटतो इकडे लक्ष देऊ नका, एवढंच टिपा की ऐकता ऐकता आपलं स्वतःचं मन कुठे भरकटलं. तिथे कात्री.

चार गोष्टी मात्र तोंडपाठ हव्यात: पहिलं वाक्य, शेवटचं वाक्य, पालुपद, आणि कोडं किंवा शापासारखं जे काही शब्दांवरच उभं आहे ते. शेवटचं वाक्य पाठ नसलं की सांगणारा गोष्ट तीनदा संपवतो. 'तर अशी ही गोष्ट... आणि मग ते सगळे... तर एकूण असं झालं'. टाळ्या कधी वाजवायच्या ते लोकांना कळेनासं होतं.

मराठीत सांगताना आणखी एक. लिहिलेल्या गोष्टीत 'तो म्हणाला', 'ती म्हणाली' लागतं. सांगताना मान जराशी वळवली की ते काम होतं. एक पात्र थोडं डावीकडे बघून बोलतं, दुसरं थोडं उजवीकडे, एवढंच. दिशा मात्र गोष्टभर पाळा, नाहीतर कोण बोलतंय हे कळत नाही. आणि 'तो गेला, त्याने पाहिले' असं सरळ भूतकाळात सांगत असलात तरी ऐन प्रसंगी 'जातो, दार ढकलतो, बघतो तर काय' असा वर्तमानकाळ येऊ द्या. आपल्या बोलीत ही सोय मुळातच आहे. मात्र ती एका गोष्टीत दोनदा-तीनदाच, सगळीकडे वापरली की तिचा जोर जातो.

डॅनिश अभ्यासक आक्सेल ओल्रिक याने लोककथांच्या घडणीचे नियम १९०९ मध्ये मांडले. त्यातले दोन या कामात रोज उपयोगी पडतात. एक, प्रसंगात एका वेळी दोनच पात्रं. तीन आवाजांचा संवाद कानाने पेलत नाही, तिसऱ्याला गप्प ठेवा किंवा बाहेर पाठवा. दुसरा, तीनदा घडणं. पहिल्यांदा प्रसंग सविस्तर सांगायचा, दुसऱ्यांदा निम्म्यात, आणि तिसऱ्यांदा पुन्हा सावकाश, कारण या वेळी काहीतरी मोडणार असतं. तिन्ही वेळा सारखंच लांबवलं की दुसऱ्या फेरीतच खुर्च्या करकरायला लागतात.

किती गोष्टी? माझ्या मते १२. लहानग्यांसाठी ५ ते ८ मिनिटांच्या चार, आठ ते बारा वयासाठी १० ते १५ मिनिटांच्या चार, मोठ्यांसाठी १५ ते २५ मिनिटांच्या तीन, आणि कुठल्याही गर्दीत चालेल अशी एक. शिवाय दोन-दोन मिनिटांच्या पाच-सहा चिमुकल्या गोष्टी, कार्यक्रम लवकर संपला किंवा वीज गेली तर. बारांपैकी प्रत्येक गोष्ट निदान वीसदा सांगून झालेली हवी, आणि त्यातल्या पाच वेळा अनोळखी माणसांसमोर. म्हणजे २४० वेळा. आठवड्याला तीनदा धरलं तर ८० आठवडे, दीड वर्षाहून थोडं जास्त. तुमच्याकडे दोन-अडीच वर्षं आहेत. नोकरी सांभाळून हे बसतं.

---

तिसरी घंटा

आवाज टिकतो, पण वापर बदलावा लागतो. पन्नाशीच्या आसपास रजोनिवृत्तीनंतर बाईचा आवाज थोडा खाली उतरतो, उतारवयात पुरुषाचा जरा वर चढतो आणि पातळ होतो. म्हणून विशीतला सूर पकडायला जाऊ नका. सहज 'हं' म्हटल्यावर जो सूर निघतो त्याच्या आसपास मुख्य निवेदन ठेवा. राक्षस आणि चेटकीण घशातून घासून काढू नका. राक्षस म्हणजे हळू वेग आणि लांब स्वर, उंदीर म्हणजे तुटक शब्द आणि चटपटीत मान. वेग, ठेका आणि शरीर यांनी पात्रं वेगळी होतात, घसा शाबूत राहतो. घसा खरवडून काढलेल्या आवाजात आठवड्याला चार प्रयोग केले तर महिन्या-दोन महिन्यांत घसा बसलाच म्हणून समजा.

प्रयोगाआधी १० मिनिटं: ओठ मिटून गुणगुणणं, ओठ फुरफुरवत सूर वरखाली नेणं, आणि बारीक नळीतून (शीतपेयाची चालते) 'ऊ' काढणं. नळीमुळे तोंडात थोडा दाब तयार होतो आणि स्वरतंतू एकमेकांवर आदळायचे कमी होतात, त्यामुळे कमी श्रमात आवाज मोकळा होतो. पाणी प्रयोगाच्या दोन तास आधीपासून घोट-घोट घ्या. मंचावर प्यायलेलं पाणी तोंड ओलं करतं, स्वरतंतूंपर्यंत थेट पोचत नाही, ते अन्ननलिकेत जातं. घसा खाकरू नका, आवंढा गिळा. बसलेल्या आवाजात कुजबुजून बोलणं म्हणजे विश्रांती नव्हे, कुजबुजीतही ताण पडतो. पूर्ण गप्प बसा. जेवण आणि प्रयोग यांत अडीच-तीन तास ठेवा, या वयात आम्ल वर येऊन सकाळी घसा खरखरतो तो पुष्कळदा उशिरा झालेल्या जेवणाने. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर घरगुती उपाय बाजूला ठेवून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरतंतू तपासून घ्या.

माईक घ्यायचा कधी? चाळीस-पन्नास माणसं, खोली शांत आणि लोक जवळ बसलेले असतील तर नको. त्यापुढे घ्याच, 'मला माईक लागत नाही' असला हट्ट नको. जोर लावून बोललं की बारकावे आधी जातात. हात मोकळे हवेत म्हणून डोक्याला लावायचा माईक उत्तम. त्याचं टोक ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटांवर, गालाला समांतर. थेट तोंडासमोर आला तर प, फ, ब, भ फटफटतात. सदऱ्याला टोचायचा छोटा माईक बहुतेक ठिकाणी चहूकडचा आवाज घेतो, म्हणून स्पीकरजवळ गेलात की शिटी वाजते, शिवाय ओढणी किंवा कॉलर त्याच्यावर घासते. हातातलाच माईक मिळाला तर दांडा धरा. जाळी मुठीत झाकली की माईकची दिशा ओळखण्याची सोय बंद पडते आणि तो किंचाळतो. स्पीकर नेहमी तुमच्या पुढे हवेत, तुम्ही त्यांच्या मागे. हळू आवाजातला प्रसंग असेल तेव्हा आवाज कमी करण्याऐवजी माईक जवळ आणा. बिनतारी माईकला प्रत्येक प्रयोगाला नवी बॅटरी, उरलेली सरावाला.

बैठकीबद्दल आयोजकांना आधीच लिहून कळवा, तिथे जाऊन खुर्च्या हलवत बसायला वेळ नसतो. अर्धवर्तुळ, मधोमध वाट नको. मधली वाट म्हणजे तुमच्या नजरेसमोरच भोक पडतं. वाट दोन्ही कडांना ठेवा. पहिली रांग तुमच्यापासून दीड ते दोन मीटरवर. तुमच्या पाठीशी भिंत हवी. खिडकी असली तर तुमचा चेहरा काळा दिसतो, दार असलं तर येणारा प्रत्येक माणूस गोष्टीत घुसतो. श्रोत्यांवर थोडा उजेड राहू द्या. नाटकासारखा काळोख केला की तुम्हाला त्यांचे चेहरे दिसत नाहीत, आणि चेहरे वाचूनच तर गोष्ट लांबवायची की आवरायची हे ठरतं.

लहान मुलं जमिनीवर असतील तर तुम्ही त्यांच्याबरोबर मांडी घालून बसू नका. मागच्यांना तुम्ही दिसत नाही, आणि चाळीस मिनिटांनी गुडघे उठू देत नाहीत. बुटका स्टूल किंवा छोटी खुर्ची बरोबर बाळगा.

---

उंबरा

उडी मारू नका. हिशेब असतो, आणि तो गणिताचाच आहे.

घराचा महिन्याचा खर्च म्हणजे १ भाग धरा. वर्षाचे १२ भाग. प्रवास, विमा, आवाजाची साधनं, छपाई, संकेतस्थळ, शिकणं आणि कर मिळून आणखी ३ भाग धरूया. एकूण १५. आता वर्षात मानधनाचे प्रयोग किती मिळतील? ५२ आठवड्यांतून सुट्ट्या, आजारपण, परीक्षांचे दिवस वगळले तर कामाचे ४० आठवडे उरले तरी चांगलं. तेही सारखे भरत नाहीत. एका महिन्यात बारा निमंत्रणं आणि पुढच्यात एक, असं चालतं. वर्षाला ७५ प्रयोग मिळाले तर प्रत्येक प्रयोगामागे १५ भागिले ७५, म्हणजे महिन्याच्या खर्चाचा पाचवा हिस्सा यायला हवा. ४० च मिळाले तर तिसऱ्या हिश्श्याहूनही जास्त. आपल्या घरचा आकडा यात घालून बघा आणि आसपास तेवढं मानधन देतात का ते विचारून घ्या. देत नसतील तर एकट्या प्रयोगांवर घर चालणार नाही. सोबत कार्यशाळा, ध्वनिमुद्रित गोष्टी, संस्थांमधलं प्रशिक्षण असं दुसरं काही जोडावं लागेल. बहुतेक पूर्णवेळ कथाकथनकारांचं उत्पन्न असं तीन-चार झऱ्यांतून येतं.

मानधन ठरवताना 'तासाभराचं काम' असं मनात आणू नका. एका तासाच्या प्रयोगामागे पत्रव्यवहार, गोष्टींची निवड, सराव, प्रवास, अर्धा तास आधी पोचणं आणि नंतरची वसुली असे सात-आठ तास सहज जातात. म्हणून दर तासावर न ठेवता अर्ध्या दिवसावर आणि पूर्ण दिवसावर ठेवा. पूर्ण दिवसात ४०-४५ मिनिटांचे तीन प्रयोग, मध्ये निदान अर्धा-अर्धा तास. चौथा मागितला तर नाही म्हणा. चौथ्याला मिळते ती उरलीसुरली गोष्ट, आणि बिचाऱ्या श्रोत्यांना त्याचं कारणही कळत नाही.

नोकरी सोडायच्या तीन अटी. सलग १२ महिने सुट्टीच्या दिवसांत महिन्याला निदान चार मानधनाचे प्रयोग झालेले असावेत. त्यातले निम्मे तरी आधीच्या आयोजकाने पुन्हा बोलावल्याने किंवा कुणी नाव सुचवल्याने आलेले असावेत. ओळखीपाळखीतली निमंत्रणं पहिल्या वर्षी भरपूर येतात आणि दुसऱ्या वर्षी आटतात, पुन्हा येणारा आयोजक हाच खरा आकडा. आणि ९ ते १२ महिन्यांचा घरखर्च बाजूला असावा. जमलं तर आधी नोकरीचे दिवस पाचाचे तीन करून बघा. शाळा आणि संस्था कामाच्या दिवशीच बोलावतात, त्यामुळे फक्त शनिवार-रविवार मोकळे असलेल्या माणसाला या धंद्याचा निम्मा बाजार दिसतच नाही.

फुकट प्रयोग सुरुवातीला करावे लागतात, पण त्यांची संख्या आधी ठरवा, समजा १५, आणि प्रत्येकाला पूर्ण मानधनाचं बिल द्या, खाली 'सवलत १००%' लिहून. पुढच्या वेळी मानधन सांगताना त्यांना धक्का बसत नाही. बदल्यात दोन ओळींचं अभिप्रायपत्र आणि दोन मिनिटांचं चित्रीकरण मागून घ्या. चित्रफीत न कापलेली हवी आणि तिच्यात श्रोत्यांचा आवाज हवा. संगीत लावून सजवलेल्या तुकड्यांवरून आयोजकाला काही कळत नाही, त्याला बघायचं असतं ते लोक ऐकतात का.

लेखी करारात एवढं तरी असावं: तारीख, वेळ, नेमकी जागा, श्रोत्यांचा वयोगट आणि कमाल संख्या, माईक कोणाचा, मानधन आणि ते किती दिवसांत, अर्धी रक्कम आगाऊ, कार्यक्रमाला १४ दिवसांहून कमी उरले असताना रद्द केल्यास आगाऊ रक्कम परत नाही, तुम्ही आजारी पडलात तर नवी तारीख, आणि परवानगीशिवाय चित्रीकरण नाही. मुलांच्या कार्यक्रमात शिक्षक किंवा पालक खोलीत थांबतील हे वेगळं लिहा. कमाल संख्या लिहिली नाही तर साठ मुलांच्या गोष्टीला तीनशे मुलं बसवली जातात, कारण 'आलेच आहेत तर सगळ्यांना ऐकू दे' हा विचार मनापासूनचा असतो. तीनशेंसमोर गोष्ट उरत नाही, फक्त आवाज उरतो.

पंचेचाळिशीनंतर या कामात येणाऱ्याची एक बाजू भक्कम असते, ती वाया घालवू नका. पत्राला वेळेत उत्तर, स्वच्छ बिल, ठरल्या वेळी हजर, हे नोकरीत शिकलेलं सगळं इथे दुर्मीळ आहे. आयोजक त्यासाठी पुन्हा बोलावतो.

---

मध्यान्ह

मनापासून आभार. ८० आठवड्यांचं गणित वहीत लिहून घेतलं. आणखी दोन शंका. भर कार्यक्रमात पुढचं काहीच आठवेनासं झालं तर काय करतात? आणि छापील पुस्तकातली गोष्ट मानधन घेऊन सांगताना हक्कांचं काय?

---

ओवी

आठवेनासं झालं तर माफी मागू नका आणि वर छताकडे बघू नका. शेवटचं चित्र जे आठवतंय तिथेच थांबा आणि ते वर्णन करा: ती कुठे उभी आहे, काय ऐकू येतंय, हाताला काय लागतंय. तीन-चार वाक्यांत पुढचं हाड बहुधा सापडतं, कारण तुम्ही शब्द शोधत नाही, त्या जागी फिरता आहात. पालुपद असलेली गोष्ट असेल तर ते श्रोत्यांकडून म्हणून घ्या, दहा-बारा सेकंद मिळतात. तेवढ्याने भागलं नाही तर आठवतंय त्या पुढच्या हाडावर उडी घ्या.

मधलं महत्त्वाचं सुटल्याचं नंतर लक्षात आलं तर 'अरे, एक सांगायचंच राहिलं' असं कधीही म्हणू नका. 'पण एक गोष्ट तोवर कुणालाच ठाऊक नव्हती...' असं म्हणून तीच माहिती आता सांगा. चूक होती ती रहस्य होऊन जाते. हे वाक्य तोंडात बसवून ठेवा.

आणि दोन सेकंदांची शांतता सांगणाऱ्याला वीस सेकंदांची वाटते. श्रोत्यांना ती विराम वाटते.

---

कोरी पाटी

हक्कांबद्दल. लोककथा कुणाच्या मालकीची नसते, पण तिचं अमुक लेखकाने केलेलं शब्दांकन त्याचं असतं, आणि भाषांतर हे भाषांतरकाराचं स्वतंत्र काम असतं. मूळ लेखक दोनशे वर्षांपूर्वी गेला असला तरी कालचं भाषांतर मोकळं नाही. लेखकांच्या हक्कांविषयीच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार साधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर निदान ५० वर्षं संरक्षण असतं, भारतात ते ६० वर्षं आहे, कित्येक देशांत ७०. संरक्षण असलेली कथा लोकांसमोर सांगायला लेखकाची किंवा प्रकाशकाची लेखी परवानगी घ्या, ध्वनिमुद्रण करायचं असेल तर त्याची वेगळी. पत्रात लिहा: कुठली कथा, किती मिनिटं, किती प्रयोग, मानधन आहे की नाही. जिवंत लेखक पुष्कळदा आनंदाने परवानगी देतात, फक्त विचारावं लागतं.

लोककथेसाठी सरळ वाट अशी की तिची निदान तीन वेगळी रूपं शोधा आणि त्यांवरून स्वतःची हाडं लिहा. शोधायला लोककथांच्या प्रकारांची आर्ने-थॉम्पसन-उथर सूची आहे. आन्ती आर्नेने ती १९१० मध्ये सुरू केली, स्टिथ थॉम्पसनने वाढवली, हान्स-योर्ग उथरने २००४ मध्ये नव्याने मांडली. प्रत्येक कथाप्रकाराला क्रमांक आहे. सिंड्रेलाचा ५१०अ. क्रमांक कळला की तीच गोष्ट कुठकुठल्या भाषांत कशी सांगतात ते सापडतं. तीन रूपं शेजारी ठेवली की कुठला तपशील गोष्टीचा कणा आहे आणि कुठला एकाच सांगणाऱ्याचा, हे आपोआप दिसतं. ग्रिम बंधूंच्या लोककथासंग्रहाच्या १८१२ च्या आवृत्तीत स्नो व्हाइटच्या जिवावर उठलेली तिची सख्खी आई आहे, १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. म्हणजे 'मूळ' म्हणून आपण जे धरून बसतो तेही कुणीतरी बदललेलंच असतं. एखाद्या समाजाच्या पूजाविधीतली किंवा ठरावीक लोकांनीच सांगायची कथा असेल तर मात्र कायदा मोकळीक देत असला तरी त्या माणसांना विचारल्याशिवाय ती घेऊ नका.

ओवींच्या एका मुद्द्याला थोडी मुरड घालते. लेखकाची साहित्यिक कथा, जिचा जीवच भाषेत आहे, ती हाडांवरून सांगता येत नाही. हाडं तशीच राहतात आणि कथा निघून जाते. अशी कथा शब्दशः पाठ करावीच लागते, आणि तिला लोककथेच्या तिप्पट वेळ द्यावा लागतो. मराठीत ठेक्यात सांगताना मिनिटाला १०० ते १२० शब्द धरा, म्हणजे वीस मिनिटांच्या कथेला २००० ते २४०० शब्द पाठ. पहिल्या बारांत अशी एकच ठेवा.

मारी शेडलॉकचं नाव इथे घ्यायला हवं. जन्म १८५४. कित्येक वर्षं शिक्षिका होत्या, आणि १८९० मध्ये, पस्तिशी उलटल्यावर, व्यावसायिक कथाकथनकार झाल्या. १९१५ च्या त्यांच्या पुस्तकात गोष्ट सांगताना होणाऱ्या चुका दिल्या आहेत. मुख्य वाट सोडून भरकटणं, प्रसंगाला जुळावी म्हणून गोष्ट बदलणं, मुलांना अनोळखी शब्द घालणं, मध्येच प्रश्न विचारणं, सोबत चित्रं दाखवत राहणं, समजावत बसणं. शंभराहून जास्त वर्षं झाली, आजही मुलांसमोरचे प्रयोग याच ठिकाणी फसतात.

त्यातल्या प्रश्नांचं तेवढं सविस्तर सांगते, कारण प्रशिक्षण किंवा शिकवण्याची सवय असलेला माणूस इथे हमखास अडकतो. 'मग त्याला जंगलात कोण भेटलं असेल बरं?' असं चाळीस मुलांना विचारलं की चाळीस उत्तरं येतात. एक उत्तर 'माझ्या मामाकडे कुत्रा आहे' असं असतं, आणि बरोबर उत्तर देणाऱ्याने शेवट फोडलेला असतो. मुलांना सामील करायचं तर उत्तर ठरलेलं असेल असंच काम द्या: पालुपद, टाळीचा ठेका, वाऱ्याचा आवाज, दार लोटण्याची क्रिया. सुरू करायची खूण आणि थांबायची खूण गोष्टीआधी दोनदा करून घ्या. थांबायची खूण शिकवली नाही तर वारा थांबतच नाही.

आपल्या भाषेत पालुपद बांधायला यमक आणि नादशब्द भरपूर आहेत, त्यांचा फायदा घ्या. सात-आठ अक्षरांहून लांब नको आणि शेवट दीर्घ स्वरावर करा, म्हणजे लहान मुलांनाही एकसुरात म्हणता येतं.

४५ मिनिटांचा क्रम असा ठेवून बघा: ५ मिनिटांची, मुलांना हालचाल करायला लावणारी गोष्ट, मग १५ मिनिटांची मोठी, मग ७-८ मिनिटांची हसरी, शेवटी ८-१० मिनिटांची शांत. उरलेली मिनिटं उशिरा आलेल्यांची. मोठी गोष्ट दुसऱ्या जागीच हवी. पहिली ठेवली तर मुलं अजून बसलेली नसतात, तिसरी ठेवली तर उठायला लागलेली असतात. तीन ते पाच वयाची मुलं असतील तर सगळा कार्यक्रमच २५-३० मिनिटांचा करा आणि मोठी गोष्ट काढून टाका.

---

तिसरी घंटा

एक राहिलं. २० मार्च हा जागतिक कथाकथन दिन. त्या आठवड्यात शाळा, ग्रंथालयं, संस्था सगळ्यांना एकाच वेळी गोष्टी सांगणारा माणूस हवा असतो, आणि जुन्यांच्या तारखा भरलेल्या असतात. नव्या माणसाला अनोळखी श्रोते मिळवायला हा सोपा दरवाजा. पत्रं मात्र नोव्हेंबर-डिसेंबरात जायला हवीत, फेब्रुवारीत लिहिलं तर उशीर झालेला असतो. पत्रात 'सर्व प्रकारच्या गोष्टी सांगतो' असं लिहू नका. तीन तयार कार्यक्रम द्या: नाव, वयोगट, मिनिटं, दोन ओळींत काय ऐकायला मिळेल. आयोजकाला निवडायचं असतं, विचार करायला त्याला वेळ नसतो.

---

मध्यान्ह

बारा गोष्टींची यादी करायला घेते. पाच नक्की झाल्या आहेत, त्यातल्या दोन बहुधा एकाच क्रमांकाच्या निघतील असं दिसतंय, तेव्हा आधी सूची बघते. यादी झाली की इथेच टाकीन. मोठ्यांसाठीच्या तीन गोष्टींबद्दल तुम्हा सगळ्यांचं मत हवं आहे.